‘मला माणसं शिकायची होती, हे बेडूक कुठून आले?’

पत्र: मी बेचाळीस वर्षांची आहे. नोकरी सांभाळून मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय. माणसं अशी का वागतात, घरात वाद झाला की तो मिटल्यावरही तासभर माझी छाती का धडधडत राहते, असं काही शिकायला मिळेल असं वाटलं होतं. पुस्तक उघडलं तर आधी संशोधनपद्धती आणि मग मज्जासंस्था. परिवर्त्य, नियंत्रित गट, अक्षतंतू, अनुकंपी-परानुकंपी, आणि पानापानावर बेडूक. रात्री पाठ करते, सकाळी पाटी कोरी. त्यातच ऑफिसमधला एक सहकारी म्हणाला, ‘फोनमुळे मुलं उदास होतात हे सिद्ध झालंय ना? तू शिकतेस, तूच सांग.’ मला धड काही बोलता आलं नाही. ही दोन प्रकरणं कशीबशी उरकून पुढे जाऊ, की विषयच बदलू?

उत्तर: तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही जाता जाता विचारून टाकलाय. वाद मिटला तरी छाती का धडधडते? त्याचं उत्तर नेमकं त्याच प्रकरणात आहे जे तुम्हाला उरकून टाकायचंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्याला न विचारता शरीराचा जो कारभार चालतो, तो स्वायत्त मज्जासंस्थेकडे असतो. समोरच्याचा आवाज चढला की तिची अनुकंपी शाखा कामाला लागते. हृदयाचे ठोके वाढतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, पचन मंदावतं. हे संदेश मज्जातंतूंमधून जातात, त्यामुळे सगळं क्षणात घडतं. पण याच शाखेचे काही तंतू मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंतही जातात आणि त्या ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. तंतूतला संदेश थांबला की थांबला. रक्तात मिसळलेलं रसायन मात्र ओसरायला वेळ घेतं. त्याच्या मागून, वेगळ्या आणि संथ वाटेने, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. ते साधारणपणे प्रसंगानंतर २० ते ३० मिनिटांनी सर्वाधिक पातळीवर पोहोचतं. म्हणजे तुम्ही ‘जाऊ दे, सोड’ म्हणून विषय मिटवता तेव्हा शरीरातली एक लाट अजून चढतच असते. त्यात तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन ‘त्याने असं म्हटलं तेव्हा मी हे म्हणायला हवं होतं’ असा वाद मनातल्या मनात पुन्हा लढलात, की शरीराला तो नव्याने खरा वाटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तासभर धुमसणं सगळंच्या सगळं स्वभावाच्या खात्यावर मांडायची गरज नाही, एवढं तरी या प्रकरणातून मिळतं.

परानुकंपी शाखा याच्या उलट दिशेने काम करते. तिचा मुख्य तंतू व्हेगस, मेंदूच्या तळापासून निघून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जातो आणि हृदयाचा वेग कमी करतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं. ती ओळ तुम्ही पाठ केलीत आणि सकाळी विसरलात, यात नवल नाही. लक्षात राहावं असं त्या ओळीत काही नाहीच. लक्षात राहील अशी गोष्ट ओळीच्या मागे आहे: हे कळलं कसं?

तर आता तुमचा बेडूक.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांमध्ये एक वाद होता. मज्जातंतू स्नायूला किंवा हृदयाला निरोप देतो तो विजेच्या रूपात, की एखादं रसायन सोडून? ऑस्ट्रियात ग्राझ इथे काम करणाऱ्या ऑटो लेवी यांना याचा निकाल लावणारा प्रयोग म्हणे स्वप्नात सुचला. रात्री उठून त्यांनी तो कागदावर खरडला, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा कागदाच्या नादी न लागता ते सरळ प्रयोगशाळेत गेले. ही हकीकत त्यांनीच नंतर सांगितलेली, तेव्हा तिच्यात थोडं मीठमसाला असेल. प्रयोग मात्र खरा आहे आणि तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली. बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या द्रावणात काही काळ धडधडत राहतं. पहिल्या हृदयाला व्हेगस जोडलेला ठेवला, दुसऱ्याचे तंतू काढून टाकले. पहिल्याच्या व्हेगसला विजेने डिवचलं, ते मंदावलं. इथपर्यंत नवीन काहीच नाही. मग त्या पहिल्या हृदयातलं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयात घातलं, आणि दुसरंही मंदावलं. त्याला तर तंतूच नव्हता. वीज त्याच्यापर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. म्हणजे द्रावणातून काहीतरी पदार्थ गेला होता. पुढे तो पदार्थ ॲसिटिलकोलीन असल्याचं ठरलं आणि १९३६ मध्ये लेवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं.

आता जरा थांबून विचार करा, दुसरं हृदय कशासाठी? पहिल्यात वीज आणि रसायन दोन्ही एकत्र होती. कशाचा परिणाम झाला हे सांगायची सोय नव्हती. दुसऱ्या हृदयात एक शक्यता काढून टाकली आणि दुसरी ठेवली. संशोधनपद्धतीचं अख्खं प्रकरण हीच एक युक्ती निरनिराळ्या वेशांत सांगत असतं. माझा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे: तुमची ही दोन प्रकरणं वेगवेगळी वाचू नका. मज्जासंस्थेतलं प्रत्येक विधान आलं की विचारा, ‘हे कुणी, काय बदलून, काय मोजून ठरवलं?’ आणि पद्धतीची प्रत्येक व्याख्या आली की तिला मज्जासंस्थेतला एक प्रयोग जोडून टाका. बेडूक तिथे उगाच आलेले नाहीत. ते नसते तर पुस्तकात फक्त मतं उरली असती, आणि मतं द्यायला तुमच्या ऑफिसात माणसं पुरेशी आहेत.

परिवर्त्यांचा, म्हणजे प्रयोगात बदलणाऱ्या गोष्टींचा, गोंधळ तर घरच्या घरी सोडवता येईल. एकोणिसाव्या शतकात योहानेस म्यूलर या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग कधी मोजताच येणार नाही. त्यांच्याच विद्यार्थ्याने, हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी, १८५० मध्ये तो मोजून दाखवला. (पुन्हा बेडूकच, माफ करा.) स्नायूला जोडलेला तंतू त्यांनी आधी स्नायूजवळ डिवचला, मग लांबून डिवचला. स्नायू आकसायला लागलेल्या वेळांमधला फरक हा फक्त मधल्या अंतराचा फरक. वेग निघाला सेकंदाला सुमारे ३० मीटर. आवाज हवेतून याच्या दहापटीहून जास्त वेगाने जातो. मनात आलं आणि क्षणात हात हलला, असं आपल्याला वाटतं. त्या क्षणालाही लांबी आहे हे तेव्हा पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

हाच प्रयोग तुम्ही पंधरा-वीस माणसं जमवून करा, बेडकाशिवाय. सगळ्यांनी डोळे मिटून ओळीत उभं राहायचं. प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. पहिला माणूस स्टॉपवॉच सुरू करतो आणि पुढच्याचा खांदा दाबतो, तो त्याच्या पुढच्याचा, असं करत शेवटचा ‘झालं’ म्हणून ओरडतो. मग तेच सगळं खाली बसून, खांद्याऐवजी पुढच्याचा घोटा धरून. घोट्यापासून मेंदूपर्यंतची वाट खांद्यापेक्षा लांब, उंच माणसात साधारण मीटर-सव्वा मीटरने. वीस जणांच्या ओळीत वीस-पंचवीस मीटर जास्तीची वाट झाली. दोन वेळांतल्या फरकाने त्या अंतराला भागा. विचार करायला, हात दाबायला लागणारा वेळ दोन्ही फेऱ्यांत तोच, म्हणून वजाबाकीत तो निघून जातो.

इथे तुम्ही मुद्दाम बदललं ते खांदा की घोटा. तुमच्या पुस्तकातलं स्वतंत्र परिवर्त्य ते हेच. मोजला तो वेळ, हे आश्रयी परिवर्त्य. माणसं तीच, क्रम तोच, डोळे मिटलेले, ही नियंत्रणं. पण खरी मजा यापुढे आहे, कारण पहिल्यांदा उत्तर बहुतेक चुकीचंच येईल. कधीकधी तर घोट्याची फेरी खांद्याच्या फेरीपेक्षा लवकर संपते! मज्जातंतू उलटे धावत नाहीत. पहिल्या फेरीत माणसं शिकली, हसून झाली आणि दुसऱ्या फेरीत सरावली. तुम्ही जागा बदलली असं तुम्हाला वाटत होतं, पण तिच्याबरोबर सरावही बदलला. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की फरक कुणामुळे पडला हे सांगता येत नाही. उपाय: आधी चार-पाच फेऱ्या नुसत्या सरावाच्या, मग खांदा, घोटा, घोटा, खांदा असा क्रम. फरक सेकंदाच्या काही दशांशांचा असतो आणि स्टॉपवॉच दाबणारा अंगठाही जवळपास तेवढीच चूक करतो, म्हणून बऱ्याच फेऱ्यांची सरासरी घ्यायची. एका फेरीवर ‘सिद्ध झालं’ म्हणायचं नाही.

स्पर्श वाहून नेणारे जाड तंतू मायलिन नावाच्या चरबीयुक्त आवरणाने गुंडाळलेले असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर असतो. तुमचा आकडा या पट्ट्याच्या आसपास आला तर स्वतःची पाठ थोपटून घ्या. दुखण्याचे काही बारीक, आवरण नसलेले तंतू मात्र सेकंदाला एखाद-दोन मीटरनेच सरकतात. पायाचा अंगठा पलंगाला ठेचतो तेव्हा धक्का लगेच कळतो आणि ती ठणकणारी कळ क्षणभराने मागून येते ना, ती या रेंगाळणाऱ्या तंतूंमुळे. आता सांगा, मायलिनची व्याख्या वेगळी पाठ करावी लागेल का?

सहकाऱ्याच्या फोनकडे येते. जास्त फोन वापरणारी मुलं जास्त उदास असतात असं कुठे आढळलं, तर तो सहसंबंध झाला. फोनमुळे उदासी येत असेल. उदास मूल माणसं टाळून फोनमध्ये डोकं घालत असेल. किंवा अपुरी झोप, घरातला ताण असं काही तिसरंच दोन्ही वाढवत असेल. तिन्ही बाबतींत आकडे सारखेच दिसतील. यातलं एक वेगळं काढायचं तर मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, एका गटाचा फोन काही आठवडे कमी करावा लागतो आणि मग दोन्ही गट मोजावे लागतात. चिठ्ठ्याच का? पालकांना निवडू दिलं तर काळजीवाहू पालकांची मुलं आपोआप एका गटात जमतील. सहकाऱ्याला एवढंच विचारा: ‘तू म्हणतोस त्या संशोधनात कुणाचा फोन कमी केला होता, की नुसतं विचारलं होतं?’ फोन निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये. ‘सिद्ध’ हा शब्द वापरायला अजून वाव आहे का, एवढंच तपासायचं. आणि फोन कमी केल्याचं मुलांना कळतंच, शिवाय काय अपेक्षित आहे तेही कळतं, त्यामुळे असा प्रयोगही पूर्ण निर्मळ होत नाही. पण ते पुढच्या वर्षी.

मेंदूच्या रंगीत चित्रांबद्दल मात्र याच वर्षी सावध व्हा, कारण ‘स्कॅनमध्ये दिसलं’ म्हटलं की भले भले मान डोलावतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सॅमन मासा एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये, ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसांना काय वाटत असेल असं विचारलं. मासा मेलेला होता. तरीही काही ठिपके ‘सक्रिय’ दिसले. स्कॅनमध्ये मेंदूचे हजारो बारीक तुकडे वेगवेगळे तपासले जातात. इतक्या वेळा तपासलं की निव्वळ योगायोगाने काही ठिकाणी होकार येणारच. त्यासाठीची सांख्यिकी दुरुस्ती केल्यावर माशाचा मेंदू शांत झाला. ती दुरुस्ती त्या काळात सगळेच करत नव्हते, म्हणून तर हा खटाटोप. मेंदू आपण दहाच टक्के वापरतो, डाव्या मेंदूची माणसं हिशेबी आणि उजव्याची कलावंत, ही वाक्यंही कुणी ऐकवली तर त्याच खुंटीला टांगा. वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के रिकामा बसणारा अवयव एवढा महाग नसता.

सगळं प्रयोगानेच कळतं असंही नाही. काही गोष्टी कुणावर मुद्दाम करून पाहता येत नाहीत, करूही नयेत. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हिप्पोकॅम्पस या अवयवाचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढला. त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात ठेवता येईना. भेटलेला माणूस थोड्याच वेळात पुन्हा अनोळखी. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, आणि हे काम आपण आधी केलंय हे मात्र त्याला दर वेळी नवीनच होतं. स्मृती एकच नसते, हे एका माणसाकडून कळलं. एका माणसावरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही ही व्यक्ति-अभ्यासाची मर्यादा तुमच्या पुस्तकात असेलच. पण ‘सगळी स्मृती एकाच ठिकाणी असते’ हे विधान खोडायला एक माणूस पुरतो. परीक्षेत हा फरक लिहिलात तर तपासणारा खूश होईल.

आणि हो, पुस्तकातलं सगळं टिकेल असं समजू नका. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले आधी छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम लक्षणीय, म्हणजे नुसत्या योगायोगावर ढकलता न येणारा, होता, पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांत आला. हे वाचून माझ्या काही ओळखीच्यांनी विषयावर काट मारली. मला उलट वाटतं: स्वतःच्या चुकांची मोजदाद करून ती छापणारी क्षेत्रं फार नाहीत. शिवाय पुन्हा न जमणं म्हणजे खोटं असणं नव्हे. लेवींचा बेडकांचा प्रयोगही सुरुवातीला बऱ्याच जणांना जमला नव्हता.

पाटी कोरी होण्यावर उपाय आहे, आणि तोही प्रयोगातून आलेला. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे होते. रात्री दोनदा वाचून ‘आलं’ असं वाटतं ते त्या पाच मिनिटांतलं वाटणं. तेव्हा एक प्रयोग वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर चारच गोष्टी लिहा: प्रश्न काय होता, काय बदललं, काय मोजलं, दुसरं काय कारण असू शकलं असतं. अडलात तरी लगेच पान उघडू नका, जरा झगडा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. आकृत्यांतली नावं, मेंदूचे भाग वगैरे, थोडी घोकावीच लागतात. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

विषय बदलू का, या प्रश्नाला मी तुम्हालाच एक प्रश्न विचारते. घरातले वाद का होतात हे कुतूहल आहे, की ते वाद आता सोसवत नाहीत? कुतूहल असेल तर राहा. ही दोन प्रकरणं नीट केलीत तर पुढची भावना, स्मृती, व्यक्तिमत्त्व ही प्रकरणं निम्म्या कष्टात होतील. पण तासभराची ती धडधड रोजची झाली असेल, झोप उडत असेल, घरी जाताना पोटात गोळा येत असेल, तर पदवीच्या तीन वर्षांकडून त्यावर उतारा मिळेल अशी आशा धरू नका. तो अभ्यासक्रम त्यासाठी आखलेलाच नाही. एकदा डॉक्टरांकडून हृदय आणि थायरॉइड तपासून घ्या आणि समुपदेशकाची वेळ घ्या, याच महिन्यात. पुस्तक तोवर चालू ठेवायला हरकत नाही.